तुळईचं टोक

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

  मागे आवाज येतोय ना? बरं.

आज मी एका चित्रफितीवर टीका करायला उभा आहे. मी काही चित्रपट समीक्षक नाही, आयुष्य गेलं मोटारींच्या वेल्ड शॉपमध्ये. पण गेली काही वर्षं एकाच जातीची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा बघतोय, आणि तुम्हीही नक्की बघितली असेल. काळं आकाश. खाली निळी पृथ्वी सावकाश फिरतेय. एक डबा येतो, उघडतो, आणि त्याच्यातून शेवई पडावी तशी एक लांबलचक तुळई बाहेर यायला लागते. मग एक यांत्रिक हात येतो, तुळई उचलतो, दुसऱ्या तुळईला लावतो. अजून एक हात येतो. अडीच मिनिटांत पन्नास मीटरचा अँटेना तयार. मागे गंभीर संगीत. संस्था बदलते, कंपनी बदलते, देश बदलतो, चित्रफीत तीच.

माझी तक्रार एवढीच आहे की ह्या चित्रफितींमध्ये जोड दिसत नाही. तुळईचं टोक दुसऱ्या टोकाला टेकायला आलं की कॅमेरा नेमका पृथ्वीकडे वळतो. परत येतो तेव्हा जोड झालेला असतो! (हशा) हसू नका. ह्या सगळ्या विषयाचं मर्म त्या न दाखवलेल्या दोन सेकंदांत आहे, असं मला आज सांगायचं आहे. आणि त्या दोन सेकंदांपायी दोन अब्ज डॉलरांच्या घरातला एक कार्यक्रम कसा बुडाला, तेही.

आता, कल्पना वेडगळ आहे असं मी म्हणत नाही. उलट तिच्यामागचा तर्क पक्का आहे. रॉकेटच्या टोकावर जी टोपी असते, फेअरिंग म्हणतात तिला, तिचा व्यास आजच्या बहुतेक मोठ्या रॉकेटांनाही साधारण पाच मीटरच. म्हणजे वर जाणारी प्रत्येक वस्तू त्या टोपीत मावली पाहिजे. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा. मावेना. म्हणून १८ षटकोनी तुकडे केले, घडी घातली, आणि २५ डिसेंबर २०२१ला उडाल्यानंतर ती घडी अवकाशात उलगडली. त्या दुर्बिणीत ३४४ जागा अशा होत्या की त्यातली एक जरी फसली तरी मोहीम गोत्यात. सगळ्या जागा चालल्या, त्यांना माझा दंडवत. पण पुढची दुर्बीण पंधरा-वीस मीटरची करायची म्हटली तर किती घड्या घालणार?

दुसरं कारण मला जास्त आवडतं. वर वजन नाही, वारा नाही. तिथे मोठी रचना अगदी नाजूक असली तरी चालते. पण ती वर नेताना रॉकेट असं हादरवतं की त्या आठ-दहा मिनिटांसाठी तिला दणकट करावं लागतं. म्हणजे कसं, तर कपाट पाचव्या मजल्यावर न्यायचंय म्हणून ते जिन्यात आपटलं तरी मोडू नये इतकं जाडजूड करायचं, आणि वर पोचल्यावर त्यात ठेवायचे काय, तर हातरुमाल. मग कपाट वरच का बनवू नये? लाकूड घेऊन जाऊ, सुतार घेऊन जाऊ. आणि सुताराला श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून रोबो घेऊन जाऊ.

इथपर्यंत सगळं बरोबर. पण हा विचार काही आजचा नाही.

१९६८ साली पीटर ग्लेझर यांनी अवकाशात सौरऊर्जा गोळा करून पृथ्वीवर पाठवणाऱ्या उपग्रहाची कल्पना मांडली. सत्तरच्या दशकात तेलाचं संकट आलं, तेव्हा अमेरिकेत नासा आणि ऊर्जा खात्याने तिचा गंभीर अभ्यास केला. एकेक उपग्रह दहा किलोमीटर लांब, पाच किलोमीटर रुंद! एवढं मोठं काही घडी घालून नेणं शक्यच नव्हतं, तेव्हा वरच बांधायचं ठरलं. आणि १९७८च्या सुमाराला ग्रमन कंपनीने तुळई बनवणारं यंत्र खरोखर बनवलं. एका बाजूने अॅल्युमिनियमच्या पट्टीची रिळं घालायची, आत पट्टी दुमडली जाते, आडव्या पट्ट्या स्पॉट वेल्डने बसतात, दुसऱ्या बाजूने त्रिकोणी तुळई बाहेर. अलाबामातल्या मार्शल केंद्रात ते चाललं. जमिनीवर, अर्थात.

आता ह्याला जोडून दुसरी तारीख बघा. २०१९च्या जुलैत नासाने मेड इन स्पेस या कंपनीला ७ कोटी ३७ लाख डॉलरचं कंत्राट दिलं. ती पुढे रेडवायर कंपनीत गेली. काम काय? एक छोटा उपग्रह कक्षेत जाऊन स्वतःच्या अंगातून दोन तुळया छापणार, एक दहा मीटरची, एक सहा मीटरची. कार्यक्रमाचं नाव ओसाम-२. २०२३मध्ये तो उड्डाणाआधीच बंद केला. चाळीस वर्षांत अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या जागी प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंटर आला, स्पॉट वेल्डच्या जागी नोझल आलं. पण दाखवायचं काय होतं? तुळईच! तुळई बनवता येते हे आपल्याला इतकी वर्षं माहीत आहे. तुळई ही कधीच अडचण नव्हती. अडचण तुळईच्या टोकाला आहे.

टोकाला काय होतं ते सांगतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत दीड तासात एक फेरी, म्हणजे दीड तासात एक दिवस आणि एक रात्र. उन्हातली बाजू शंभर अंशांच्या वर जाते, सावलीतली शून्याखाली शंभरच्या पलीकडे. अॅल्युमिनियमची दहा मीटरची तुळई दोनशे अंशांच्या फरकाला जवळजवळ ४६ मिलिमीटर लांब-आखूड होते. साधा गुणाकार आहे, घरी करून बघा. म्हणजे रोबो बोल्ट घालायला गेला आणि मध्येच सूर्य मावळला, तर भोक बोटभर सरकलेलं! कार्बनच्या धाग्यांचं साहित्य वापरलं तर हे पुष्कळ कमी होतं, मान्य. पण मग त्या कार्बनच्या टोकाला धातूचा जोड बसवायचा, तो वेगळा सरकतो. शिवाय नुसती तुळई जोडून भागत नाही. तिच्यावरून वायर जायची, कधी थंड ठेवणारं द्रव जायचं. वायरचा कनेक्टर हा काय प्रकार आहे, हे ज्याने अंधारात स्कूटरखाली झोपून कधी बसवलाय त्यालाच कळेल.

इथे मला माझ्या कारखान्यातली गोष्ट सांगू द्या, कारण माझी सगळी टीका तिथून येते.

मोटारीची बॉडी वेल्ड करणारे रोबो तुम्ही टीव्हीवर बघितलेत. ठिणग्या उडतायत, हात झपाझप फिरतायत, बघणाऱ्याला वाटतं काय हुशार यंत्र आहे. अहो, ते आंधळं असतं! निदान माझ्या काळातलं तरी ठार आंधळं होतं. त्याला शिकवलेल्या ठिकाणी ते जातं, टाका मारतं, परत येतं. तिथे पत्रा आहे की नाही हे बघत नाही. पत्रा नेमका तिथे आणून ठेवण्याचं काम करतं ते खालचं फिक्स्चर, तिकडे कुणी कॅमेरा नेत नाही. दोन लोकेटिंग पिना, चार क्लॅम्प, एक टेकण. पत्रा पिनेवर बसला की तो बरोबर जागी आहे, ही हमी. अक्कल सगळी त्या पिनेत असते.

एकदा आमच्याकडे दाराच्या चौकटीचे टाके चुकायला लागले. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही. साहेबांनी फर्मान काढलं, रोबो बिघडला. रोबोवाल्या कंपनीचा इंजिनिअर विमानाने आला, तीन दिवस लॅपटॉप लावून बसला. तिसऱ्या दिवशी आमचे एक जुने फिटर, त्यांना सगळे मामा म्हणायचे, जेवणाच्या सुट्टीत फिक्स्चरजवळ गेले आणि पिनेवरून नुसतं बोट फिरवलं. म्हणाले, 'साहेब, पिन खाल्लीय.' अर्धा मिलिमीटर झिजली होती. रोबो निर्दोष होता.

तेव्हापासून कुणी मला रोबोचा हात दाखवला की मी विचारतो, पिन कुठेय?

हा प्रश्न घेऊन आपण अवकाशात जाऊ. १९८५च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अटलांटिस यानातून जेरी रॉस आणि शेरवूड स्प्रिंग हे दोन अंतराळवीर बाहेर पडले, आणि त्यांनी यानाच्या उघड्या पोटात काठ्या जोडून मनोरे उभारले. प्रयोग दोन होते. एकात दोघं आपापल्या जागी पाय अडकवून उभे, आणि मनोरा मध्ये एका फिरत्या चौकटीवर. एक मजला झाला की वर सरकवायचा, पुढचा घ्यायचा. सुमारे १४ मीटरचा मनोरा अपेक्षेपेक्षा लवकर झाला. दुसऱ्या प्रयोगात तशी चौकट नव्हती, काठ्या घेऊन तरंगत तरंगत जोडायचं होतं. तेही काम झालं, पण माणसं दमली. परत आल्यावरचं म्हणणं हेच की इतकं तरंगून काम नको. माणसं तीच, काठ्याही साधारण तशाच. फरक चौकटीचा. म्हणजे फिक्स्चरचाच की!

ह्या धड्याचा पुढे काय उपयोग झाला? अमेरिकेचं फ्रीडम नावाचं अवकाशस्थानक तेव्हा कागदावर होतं, आणि त्याचा कणा अशाच काठ्या जोडून वर बांधायचा बेत होता. १९९०च्या आसपास हिशेब मांडले, तेव्हा बाहेर पडून करायच्या कामाचे तास आवाक्याबाहेर जायला लागले. शेवटी काठ्यांचा बेत रद्द झाला. कण्याचे मोठे मोठे तुकडे जमिनीवरच पूर्ण जोडून, वायरी-नळ्यांसकट तपासून वर न्यायचे ठरलं. आज जे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक आपल्या डोक्यावरून जातं ते असं झालंय. १०९ मीटर लांब, चारशे टनांच्या वर वजन, आणि अवकाशात जोडलेली ती सगळ्यात मोठी वस्तू. तिथे कॅनडाच्या यांत्रिक हाताने अचाट काम केलं, पण एका अटीवर. हाताला धरायचं ते सगळं एका ठराविक मुठीचं होतं. मधे दांडी, आणि हाताच्या टोकाला तीन तारांचा फास. दांडी फासात आली की फास आवळायचा. तुकडा तुकड्याला भिडला की आधी एक पंजा पकडतो, मग मोटरवर चालणारे बोल्ट आवळले जातात. हे बोल्ट, पंजे, मुठी जमिनीवर काही वर्षं आधी ठरल्या होत्या. आणि एवढं करूनही कित्येक वायरी-नळ्या शेवटी हातमोजे घातलेल्या माणसांनीच लावल्या.

म्हणून रोबो अवकाशात बांधकाम करू शकतो का, ह्या प्रश्नात मला आता फारसा रस नाही. यानावरच्या त्या पहिल्या कॅनडाच्या हाताने १९८१ ते २०११ काम केलं. हात आहेत हो! समोरची वस्तू त्या हातासाठी बनवलेली आहे का, ते विचारा.

हबल दुर्बीण हे ह्याचं झकास उदाहरण आहे, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. १९९३ ते २००९ ह्या काळात तिची पाच वेळा दुरुस्ती झाली, आणि ते जमलं कारण ती दुरुस्तीसाठीच बनवली होती. उपकरणं खणासारखी सरकवून काढायची, धरायला कठडे, मोठ्या डोक्याचे बोल्ट. पण २००९च्या शेवटच्या फेरीत एक असं उपकरण दुरुस्त करायचं होतं, एक वर्णपटमापक, जे उघडण्याची कुणी कल्पनाच केली नव्हती. झाकणाला शंभरावर बारीक स्क्रू. एक जरी सुटून तरंगला आणि आत गेला तर संपलं. नासाच्या लोकांनी त्यासाठी एक पारदर्शक पाटी बनवली. ती झाकणावर बसवायची, तिच्या भोकांतून स्क्रू काढायचे आणि निघालेले स्क्रू तिच्यातच अडकून राहणार. आता, पाटी म्हणजे काय? फिक्स्चर! नसलेलं फिक्स्चर मागाहून नेऊन बसवलं. माईक मॅसिमिनो यांनी ते सगळे स्क्रू काढले.

पण ती पाटी लावायच्या आधी एक साधा कठडा काढायचा होता. चार स्क्रूंचा. त्यातल्या एकाचं डोकं घसरलं. आपल्याकडे पंख्याच्या स्क्रूचं होतं ना, तसं. पान्हा नुसताच फिरतोय. जमिनीवर खलबतं झाली, आणि शेवटी काय केलं? मॅसिमिनोंनी कठडा दोन्ही हातांनी धरला, मागे-पुढे केला आणि उपटून काढला! अब्जावधींची दुर्बीण, आणि उपाय आपल्या नळवाल्याचा. (हशा)

आता ह्या गोष्टीला एक आधीचा अध्याय आहे, तो फारसा सांगितला जात नाही. २००३मध्ये कोलंबिया यानाचा अपघात झाला. २००४च्या सुरुवातीला नासाने ही शेवटची फेरी माणसांच्या जिवाला धोका म्हणून रद्द केली. मग विचार पुढे आला की रोबो पाठवू. कॅनडाचा दोन हातांचा डेक्स्टर रोबो त्यासाठी चर्चेत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय अकादमीच्या समितीने स्पष्ट सांगितलं की रोबोला हे काम वेळेत जमण्याची शक्यता कमी आहे, माणसंच पाठवा. २००६मध्ये तसा निर्णय झाला. समितीचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं. तो कठडा आठवा.

पण रोबोने दुरुस्ती करायचा नाद काही गेला नाही. गेला नाही हे चांगलंच झालं म्हणा, मीही तेच केलं असतं. त्याच विचारातून जमिनीवर आणि स्थानकावर प्रयोग झाले. २०११मध्ये स्थानकावर एक पेटी नेऊन बसवली. तिच्यावर उपग्रहाला असतात तशाच झडपा, टोपणं, वायरी. डेक्स्टरने दूरून चालवलेल्या हत्यारांनी त्या वायरी कापल्या, टोपणं काढली, आणि २०१३मध्ये नमुन्याचं इंधन भरूनही दाखवलं. कौतुकाचं काम! ह्या यशाच्या जोरावर मोठी उडी घ्यायचं ठरलं, तीच आपली बुडालेली मोहीम, ओसाम-१.

आधी तिचं नाव रिस्टोर-एल होतं. काम एकच, लँडसॅट-७ ह्या उपग्रहापाशी जाऊन त्याला धरायचं आणि इंधन भरायचं. लँडसॅट-७ हा १९९९चा. त्याला धरायला मूठ नाही. इंधन जमिनीवर एकदा भरलं, झडप बंद केली, वर तार बांधली, त्यावर चकचकीत इन्सुलेशनची गोधडी शिवली, आणि सगळे घरी गेले. पुन्हा कुणी उघडणार आहे हे बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. म्हणजे रोबोने आधी रॉकेटला जोडायच्या कड्याला पकडायचं, मग गोधडी कापायची, मग तार कापायची, मग एकामागे एक टोपणं काढायची, मग नळी लावायची. आणि गंमत बघा, त्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यातला एक भाग २००३मध्येच बिघडला होता, तेव्हापासून त्याच्या चित्रांत पट्टे रिकामे येत. त्याचा वारस लँडसॅट-९ २०२१मध्ये वरही गेला. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं, त्या आजोबांना त्याची निकड उरली नव्हती.

तोवर २०२०मध्ये ह्याच मोहिमेच्या खांद्यावर अजून एक काम चढवलं होतं. पाच मीटरचा तिसरा हात, त्याचं नाव स्पायडर. तो सात तुकडे जोडून तीन मीटरचा अँटेना बनवणार, आणि दहा मीटरची तुळईही तिथेच बनवणार. आली का तुळई परत? मॅक्सार कंपनीला १४ कोटी २० लाख डॉलर त्यासाठी. म्हणजे एकाच यानात न बनवलेल्या मुठीला धरायचं, न उघडणारं टोपण उघडायचं, अँटेना जोडायचा आणि तुळई छापायची. लग्न, मुंज आणि वास्तुशांत एकाच मांडवात. (हशा)

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये नासाच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. खर्च २.०५ अब्ज डॉलरच्या पुढे जाणार, आणि डिसेंबर २०२६ची तारीखही टिकणार नाही. कंत्राटदाराच्या कामावर त्यात कडक ताशेरे आहेत, आणि ठरीव किमतीच्या कंत्राटात काम लवकर करून घ्यायला नासाच्या हातात काही नव्हतं, असंही आहे. १ मार्च २०२४ला नासाने कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत 'खर्च वाढला म्हणून बंद' एवढंच आलं. पण नासाच्या निवेदनात दुसरं कारण आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. तयारी नसलेल्या उपग्रहांत इंधन भरण्याच्या कल्पनेपासून हे क्षेत्रच दूर गेलं आहे, आणि म्हणून पुढे हे तंत्र घ्यायला कुणी बांधील भागीदार उरला नाही, असा त्याचा आशय.

'तयारी नसलेले.' हाच शब्द माझ्या मामांच्या भाषेत सांगायचा तर, पिन नसलेले.

आता कुणी म्हणेल, तुम्ही फक्त फसलेलंच सांगताय. नाही. जमलेलंही आहे, आणि जिथे जमलं तिथे पिन होती, ह्यातच माझा मुद्दा आहे. २००७मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, ऑर्बिटल एक्स्प्रेस मोहिमेत दोन उपग्रह एकत्र पाठवले. एकाने दुसऱ्याला इंधन दिलं, बॅटरीही बदलली, माणसाचा हात न लावता. एकमेकांसाठीच बनवले होते ते! त्यानंतरची गोष्ट याहून चतुर आहे. २०२०च्या फेब्रुवारीत नॉर्थ्रॉप ग्रमनचं एमईव्ही-१ हे यान इंटेलसॅट-९०१ ह्या जुन्या उपग्रहाला जाऊन चिकटलं आणि त्याला पुढची काही वर्षं ढकलत राहिलं. तो उपग्रह २००१चा, त्यालाही मूठ नव्हती. पण ह्या लोकांनी काहीही उघडलं नाही, कापलं नाही. भूस्थिर कक्षेतल्या बऱ्याच उपग्रहांच्या मागे मोठ्या इंजिनाचं नळकांडं असतं, त्यात त्यांनी दांडा घातला आणि बाहेरच्या कड्याला टेकले. म्हणजे आधीपासून असलेली पिन शोधून काढली. पुढच्या वर्षी एमईव्ही-२नेही तेच केलं. ह्यात रोबोचं कौशल्य दिसायला कमी आहे. तुळई नाही, कोळ्यासारखे हात नाहीत, चित्रफितीत मजा नाही. पण गिऱ्हाईक पैसे देतं.

आणि बांधकामातलं मला आवडलेलं काम हवं असेल, तर नासाच्याच एम्स केंद्रातलं आरमाडास. जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे ओसाम-१ बंद होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. तीन छोटे रोबो, किड्यांसारखे. सांगाडा लहान लहान पोकळ ठोकळ्यांचा. रोबो त्याच सांगाड्यावर चालतात आणि पुढचा ठोकळा लावतात. २५६ ठोकळे, शंभर तासांहून थोडं अधिक. इथली खुबी काय, की रोबोला आपण कुठे आहोत हे मोजायला मोठे कॅमेरे, लेझर लागत नाहीत. तो ठोकळे मोजतो. सहा पुढे, दोन वर. ठोकळा नीट बसला तर तो जागेवर आहेच, कारण जागा ठोकळ्यातच आहे. सांगाडाच फिक्स्चर झालाय! अजून जमिनीवर, खोलीत आहे हे, ऊन-सावलीचा खेळ तिथे नाही. तरी ज्याने हे मांडलं त्याने कधीतरी पिनेवरून बोट फिरवलं असणार.

आता आपल्याकडे येतो, कारण हा विषय आपल्याला लांबचा राहिलेला नाही. ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्ही-सी६०ने स्पेडेक्सचे दोन उपग्रह नेले, आणि १६ जानेवारी २०२५ला ते एकमेकांना जोडले गेले. मार्चमध्ये सुटेही केले. त्याच उड्डाणात, रॉकेटचा जो शेवटचा टप्पा एरवी कचरा म्हणून फिरत राहतो त्यावर, तिरुवनंतपुरमच्या केंद्राने बनवलेला सात सांध्यांचा हात होता, सुरवंटासारखा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर पावलं टाकत चालणारा. बातम्यांत हाताचंच कौतुक झालं, ते योग्यच आहे. पण सुरवंट चालतो तेव्हा पाय कुठे ठेवतो? ठरलेल्या खुंट्यांवर. माझी नजर त्या खुंट्यांवर गेली.

भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५पर्यंत असं सरकारने जाहीर केलंय. तारखा मागेपुढे होतील. पण त्या पहिल्या भागाच्या कवचावर किती खुंट्या, कुठे, कोणत्या मापाच्या, हे आज ठरतंय. कुणीतरी इंजिनिअर वजनाच्या बैठकीत बसून ते वाचवायला भांडत असेल, आणि समोरचा म्हणत असेल, 'ह्या दीड किलोच्या मुठीचा उपयोग कधी होणार, २०४०ला? काढून टाका.' बैठका मी पुष्कळ केल्यात म्हणून सांगतो, अशा बैठकीत मूठच हरते. कारण मूठ आज काही करत नाही. लँडसॅट-७च्या बैठकीतही असंच काही झालं असणार असं मी धरून चालतो, त्या वेळी मूठ नको म्हणणारा चुकीचाही नव्हता. पण बिल कुणीतरी फाडलं.

थांबतो. प्रश्न घेऊ या. हां, बोला ताई.

(प्रश्न: सर, तुमच्या वेळचे रोबो आंधळे होते. आता एआय आहे, रोबोला दिसतं, तो स्वतः ठरवू शकतो. मग फिक्स्चरची गरज कमी होणार नाही का?)

चांगला प्रश्न आहे, आणि थोडी कमी होईल हे मी मान्य करतो. आता आमच्याच क्षेत्रात कॅमेऱ्याने पत्रा शोधून टाका मारणारे रोबो आलेत. पण दोन गोष्टी आहेत. कॅमेऱ्याला अवकाशातलं ऊन झेपलं पाहिजे. एका बाजूला चकचकीत गोधडीवरून डोळे दिपवणारा उजेड, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख, मध्ये काही नाही. हे सुटेल, सुटतंय.

दुसरी गोष्ट सुटायला जास्त अवघड. जोड बसला, हे कळणार कसं? आमच्याकडे दर पाळीला एक तुकडा बाजूला काढायचा आणि छिन्नी-हातोडा घेऊन टाके फोडून बघायचे. पत्रा फाटला पण टाका सुटला नाही, तर टाका चांगला. म्हणजे एक मोडायचा आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा. वर तुम्ही बनवणार एकच तुळई, एकच अँटेना. मोडून बघायला दुसरा नाही. जमिनीवर बनवलेली वस्तू आपण हलवतो, तापवतो, निर्वात टाकीत ठेवतो, महिनोन् महिने तपासतो, मगच पाठवतो. वर बनवलेली वस्तू कोण हलवून बघणार? बोल्ट किती आवळला गेला ते मोटरचा करंट सांगतो, पण आटे बरोबर बसले की तिरके अडकले, दोन्हीला करंट सारखाच दिसू शकतो. ज्याने कधी घाईत तिरका नट आवळलाय त्याला हे माहीत आहे. एआयला डोळा दिलात तर ह्याच कामाला द्या, जोडायच्या नाही, तपासायच्या. त्यावर कुणी काम करत असेल तर मला जरूर भेटा, मी मागे चहाच्या टेबलापाशी आहे.